जर, तर आणि तरी

इंग्रजी शिकवणाऱ्या कोणत्याही शिक्षकाला विचारा, वर्षातला सर्वांत जड आठवडा कोणता? तो परीक्षेचे नाव घेणार नाही, तपासणीचेही घेणार नाही. तो सांगेल, 'इफ'चा. काळ मुलांना समजतात, कर्मणी प्रयोग ती घोकून का होईना उरकतात. पण फळ्यावर 'इफ' लिहिला की वर्गावर मरगळ पसरते आणि मागच्या बाकांवरचे डोळे खिडकीबाहेरच्या लिंबाकडे जाऊ लागतात.

मी बीड जिल्ह्यातल्या एका लहान गावी नववीला इंग्रजी शिकवते. माझे स्वतःचे शिक्षण दहावीपर्यंत. माझे वडील तिला अखेरपर्यंत मॅट्रिकच म्हणत, आणि मलाही तोच शब्द बरा वाटतो. त्यात कुठेतरी पोचल्याचा भास आहे. शाळेत इंग्रजीच्या जागेवर कोणी टिकेना, तेव्हा मला तात्पुरती म्हणून घेतली. तात्पुरत्या गोष्टी आपल्याकडे किती चिवट असतात हे वाचकांना सांगायला नको. त्या गोष्टीला बावीस वर्षे झाली. मधल्या काळात चार कादंबऱ्या लिहून झाल्या, केस पांढरे होऊ लागले, आणि दरवर्षी एक आठवडा 'इफ'चा येत राहिला.

या 'इफ'चे तीन प्रकार. अलीकडच्या पुस्तकांत त्याआधी एक शून्यावा प्रकारही असतो. पाणी तापवले तर उकळते, असा. तो मी एका तासात संपवते. पाणी उकळण्यात कोणाचे काही अडलेले नसते. पहिला प्रकार उघड्या दाराचा. 'इफ इट रेन्स, वुई विल स्टे होम.' पाऊस येईल किंवा न येईल, दोन्ही वाटा मोकळ्या. दुसरा कल्पनेचा. 'इफ आय हॅड विंग्ज, आय वुड फ्लाय.' पंख नाहीत, हे बोलणाऱ्यालाही ठाऊक आहे. तिसरा निघून गेलेल्या गाडीचा. 'इफ ही हॅड रन, ही वुड हॅव कॉट द ट्रेन.' तो धावला नाही, गाडी सुटली, आणि आता फलाटावर उभे राहून हे वाक्य बोलण्याखेरीज हाती काही उरलेले नाही.

मुले अडतात ती पहिल्याच पायरीवर. एका वर्षी एका मुलाने तावातावाने विचारले, "बाई, पाऊस अजून पडायचाय. मग 'इफ इट विल रेन' का नाही?" मी म्हटले, "तू घरी काय म्हणतोस?" तो म्हणाला, "पाऊस पडला तर शेतात जाणार नाही." मी म्हटले, "पडला? अजून एक थेंब नाही आणि तू तर पाडूनही मोकळा झालास!" सगळा वर्ग हसला, पण तो मुलगा हसला नाही. आपण रोज तोंडाने जे करतो त्यात एवढी गंमत दडली आहे, या विचाराने तो दिवसभर घुम्यासारखा बसून होता. पुढे तो काही विशेष शिकला नाही. परंतु शिक्षकाच्या आयुष्यात असे चार-दोन चेहरे असतात, त्यांच्यावर तो पुष्कळ दिवस काढू शकतो.

दुसरा आणि तिसरा प्रकार आपल्या मुलांना वेगळे करता येत नाहीत, यात त्यांचा दोष नाही. मराठीत दोन्हींना एकच पोशाख चालतो. 'मला पंख असते तर मी उडाले असते' आणि 'काल मला वेळ असता तर मी आले असते' ही वाक्ये एकाच घडणीची. इंग्रजी मात्र हटून बसते: पंखांच्या वाक्यात 'वुड फ्लाय' आणि कालच्या वाक्यात 'वुड हॅव कम'. जे आत्ता नाही ते वेगळे आणि जे त्या वेळी राहून गेले ते वेगळे, असा तिचा हिशेब. शिवाय 'इफ आय वेअर यू' म्हणताना 'आय'ला 'वॉज' सोडून 'वेअर' लावायचे. मुले म्हणतात, "बाई, हे चुकीचं आहे." मी सांगते, "चुकीचंच आहे. मी तू नाही, हे त्या चुकीतूनच कळतं."

आमच्या मराठी व्याकरणात याला संकेतार्थ म्हणतात. स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ यांच्या रांगेत तो शेवटी उभा असतो आणि परीक्षेत एका गुणाला येतो. संस्कृतवाल्यांनी मात्र त्याची ऐट ठेवली आहे. पाणिनीने या कामासाठी लृङ् नावाचा एक स्वतंत्र लकार नेमून दिला आणि तो कधी वापरायचा ते एका शब्दात सांगितले: क्रियातिपत्ति. क्रिया घडायची राहून जाणे. मला हा शब्द एका जुन्या शास्त्रीबुवांनी सांगितला, तेव्हा मी तो वहीत लिहून घेतला आणि पुढचे दोन दिवस मनात घोळवत राहिले. जे घडलेच नाही त्यालाही नाव द्यावे, त्याचेही रूप चालवावे, असे कोणाला तरी इतक्या प्राचीन काळी वाटले! संस्कृतच्या पुस्तकांत याचे जे नेहमीचे उदाहरण असते ते पावसाचे आणि सुकाळाचे. आमच्या भागातल्या माणसाला ते समजायला पंडित लागत नाही.

काही वर्षांपूर्वी मी एके ठिकाणी वाचले की आल्फ्रेड ब्लूम नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९८१ साली एक पुस्तक लिहून असे मांडले, की चिनी भाषेत अशा वाक्यांसाठी वेगळे रूप नाही, म्हणून चिनी बोलणाऱ्यांना न घडलेल्या गोष्टींचा विचार करणे जड जाते. १९८३ साली टेरी आऊ या बाईंनी तेच प्रयोग सरळ, घरगुती चिनीत लिहून पुन्हा केले, तेव्हा ती अडचण जवळजवळ नाहीशी झाली. म्हणजे दोष भाषेचा नव्हता, गोष्ट वाईट लिहिली होती. हे वाचून मला शिक्षिका म्हणून आनंद झाला आणि लेखिका म्हणून थोडी धास्ती वाटली. पण मुख्य म्हणजे हे पटले, की हळहळायला माणसाला कोणत्याही व्याकरणाची परवानगी लागत नाही.

आपण मराठी माणसे तर या बाबतीत फारच मोकळी. माधवराव पेशवे १७७२ साली थेऊरला वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी वारले. ते आणखी वीस वर्षे जगले असते तर काय झाले असते, यावर आजही कोणत्याही पारावर तासभर बोलता येते. आणि दुसरीकडे आपल्याच म्हाताऱ्या माणसांनी या सगळ्या खेळाची टर उडवून ठेवली आहे: आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटले असते! माझी आजी ही म्हण अशा ठसक्यात टाकी की समोरच्याचा 'जर' ओठातच विरून जाई. लहानपणी मला वाटे, किती शहाणी आहे आजी. आता वाटते, तिला बरेच काही आठवायचे नसावे.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येते. तिसरा प्रकार शिकवताना एक स्वाध्याय असतो: 'इफ'चे वाक्य मोडून त्यातली दोन साधी वाक्ये काढा. 'तो धावला असता तर त्याला गाडी मिळाली असती' हे मोडले की उरते: तो धावला नाही. त्याला गाडी मिळाली नाही. मुलांना हे आवडते, कारण अवघड वाक्याची दोन सोपी वाक्ये होतात. मी बावीस वर्षे हा स्वाध्याय मुलांना घालत आले. स्वतःच्या वाक्यावर तो करून पाहायला मात्र मला बराच उशीर लागला.

माझे लाडके वाक्य असे होते: बाबांनी मला कॉलेजात पाठवले असते तर मी मोठी लेखिका झाले असते. हे वाक्य मी विशीत रडत म्हटले, तिशीत रागाने म्हटले, आणि चाळिशीत ते सभासमारंभात थोडे हसून म्हणू लागले. श्रोत्यांना ते आवडे. एकदा फळ्यासमोर उभी असता, खडू हातात, उगाच मनात ते मोडून पाहिले. बाबांनी मला कॉलेजात पाठवले नाही. मी मोठी लेखिका झाले नाही. दोन्ही वाक्ये खरी. पण या दोहोंच्या मध्ये जो एक 'म्हणून' मी इतकी वर्षे गृहीत धरून बसले होते, तो कुठेच दिसेना. तो वाक्य मोडताना गळून पडला होता, किंवा मुळात नव्हताच. बाबा तेव्हा हयात नव्हते. असते तर — पण राहू द्या.

दुसरे वाक्य मी कोणत्याही सभेत सांगितलेले नाही.

आमच्या जिल्ह्यातून दरसाल लाखांच्या आकड्यात माणसे ऊस तोडायला बाहेर पडतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास ट्रक आणि ट्रॅक्टर भरभरून टोळ्या निघतात आणि उन्हाळ्यात परततात. नवराबायकोच्या जोडीला आमच्याकडे 'कोयता' म्हणतात. मुकादम आगाऊ पैसे देतो ती 'उचल', आणि उचल कोयत्यामागे मिळते. एकट्या माणसाचा कोयता अर्धा. शहरातल्या वाचकाला हा केवळ हिशेब वाटेल. पण घरात पंधरा वर्षांची मुलगी आणि शेजारच्या वस्तीवर वीस वर्षांचा मुलगा असला, की या हिशेबातून लग्न निघते. कायद्याने मुलीचे वय अठरा हवे, हे सगळ्यांना माहीत असते. मुकादमालाही.

अकरा वर्षांपूर्वी नववीतली एक मुलगी दिवाळीच्या आधी शाळा सुटल्यावर माझ्यापाशी घोटाळली. अक्षर सुरेख, इंग्रजी कच्चे, पण विचारायला न लाजणारी. म्हणाली, "बाई, तुम्ही घरी येऊन आबाला सांगता का? मी आजीजवळ राहते म्हणावं. ते तुमचं ऐकतील." मी म्हटले, "रविवारी येते."

त्या रविवारी मला एका दिवाळी अंकासाठी कथा पुरी करायची होती. संपादकांचे दुसरे पत्र येऊन पडले होते. कथा रंगात आली होती, आणि वस्ती गावापासून सहा किलोमीटर. मी मनाशी म्हटले, पुढच्या रविवारी जाऊ. एका आठवड्यात काय होते? बुधवारी ती वर्गात नव्हती. मारुतीच्या देवळात दहा-पंधरा माणसांत लग्न लागले होते आणि शुक्रवारी ती नवऱ्याच्या टोळीबरोबर गेली. माझी कथा छापून आली. लोकांची पत्रे आली. कथा एका शाळकरी मुलीची होती, याहून अधिक तिच्याविषयी लिहायला मला आज हात धजत नाही.

मी गेले असते तर ती शिकली असती. अकरा वर्षे हे वाक्य माझ्याजवळ आहे. आणि गंमत अशी, की ते जितके बोचे तितकाच मी त्याचा दुसरा भाग पोखरू लागे. कशावरून शिकली असती? पोरी दहावीनंतरही बसवतातच घरी. आबाने ऐकले नसते. मुकादमाने ऐकले नसते. सरकार काय करते? असे पोखरत पोखरत 'तर'चा भाग भुसभुशीत झाला, की सगळे वाक्यच कोसळल्यासारखे वाटे आणि मला झोप लागे.

माझा एक जुना विद्यार्थी आता तालुक्याला वकिली करतो. नाव न सांगता मी त्याला हा प्रश्न घातला, तेव्हा त्याने मला इंग्लंडातला एक खटला सांगितला. म्हणाला, कायद्याच्या पहिल्या वर्षाला हा शिकवतातच. १९६६ सालच्या १ जानेवारीची गोष्ट. लंडनमध्ये तीन रात्रपाळीचे पहारेकरी चहा प्याले आणि ओकू लागले. तसेच इस्पितळात गेले. कामावरच्या डॉक्टरची स्वतःची प्रकृती बरी नव्हती. त्याने नर्सकरवी फोनवर निरोप दिला, की घरी जा आणि आपापल्या डॉक्टरांना बोलवा. त्यांतला एक काही तासांत वारला. चहात सोमल होता. त्याच्या विधवेने दावा लावला. न्यायाधीशांनी असे ठरवले की डॉक्टरने तपासायला हवे होते, न तपासणे हा हलगर्जीपणाच. परंतु तपासले असते तरी उतारा मिळेपर्यंत वेळ निघून गेली असती, माणूस वाचला नसता. म्हणून मृत्यूची भरपाई इस्पितळाकडून मिळणार नाही.

वकिलाला वाटले, हे ऐकून मला हलके वाटेल. मला दिसत राहिला तो डॉक्टर. निकाल ऐकून तो घरी गेला असेल, जेवला असेल. त्या निकालाने त्याचे काय झाले? कायद्याने त्याचे वाक्य मोडले आणि सांगितले, की तुझ्या 'जर'चा आणि त्या मरणाच्या 'तर'चा संबंध नाही. ठीक. पण 'मी तपासले नाही' हे पहिले साधे वाक्य तसेच उरले की! ते मरणाच्या आधीपासून खरे होते, आणि तो पहारेकरी अचानक बरा होऊन चालत घरी गेला असता तरीही खरेच राहिले असते. कोर्टाला वाक्याचा उत्तरार्ध लागतो, कारण भरपाई त्यावर ठरते. आणि त्यात गैर काही नाही, नाहीतर जगातल्या प्रत्येक चुकीची किंमत कोणाच्या तरी नावावर लिहून बसावे लागेल. मी मात्र अकरा वर्षे स्वतःपुरते कोर्ट भरवले होते. उत्तरार्ध कोणालाच ठाऊक नाही, तो देवाला असला तर असेल. पूर्वार्ध मात्र मला पुरता ठाऊक होता, त्याच्या वारासकट. तो झाकायला मी ठाऊक नसलेल्या भागाचे पांघरूण वापरत होते.

याच्या उलट बाजूचाही विचार मी केला आहे. असे खोदत बसण्याने त्या मुलीचे काय भले झाले? काही नाही. पश्चात्ताप हीसुद्धा कधीकधी एक चैन असते. लेखक माणसाला तर ती फारच परवडते, कारण तिच्यातून पाने निघतात. हा लेखही त्याच जातीचा नाही कशावरून, असे कोणी विचारले तर माझ्यापाशी उत्तर नाही.

गेल्या उन्हाळ्यात ती भेटली. हंगाम संपवून आली होती, सहा वर्षांच्या मुलाचे नाव शेजारच्या प्राथमिक शाळेत घालायला. हात उसाच्या पाचटाने कापून काळे पडलेले, पण हसणे तेच. मुलाला म्हणाली, "बाईंच्या पाया पड." मी त्याला उचलून घेतले आणि कधी नव्हे ते बोलून गेले, "त्या रविवारी मी आले असते तर गं..." तिने मला वाक्य पुरे करू दिले नाही. "तुम्ही आला असतात तरी आबानं ऐकलं नसतं, बाई. उचल आधीच घेतली होती त्यानं." आणि मग, जरा थांबून, "मी मात्र वाट बघितली होती. आजीला चहासुद्धा ठेवायला लावला होता."

'तर' आणि 'तरी' यांत एका वेलांटीचा फरक. इंग्रजीत 'इफ'च्या आधी 'ईव्हन' घालावा लागतो. वर्गात मी याला पाच मिनिटे देते. तिने मला जे दिले ते पुऱ्या उदारपणाने दिले, यात शंका नाही. कोर्टाने डॉक्टरला दिले तेच होते ते. पण त्याच्या मागोमाग आलेला तो चहा कोणत्या प्रकारात घालावा, हे मला कळलेले नाही. त्यात 'जर' नाही, 'तर' नाही. चूल पेटवली, आधण ठेवले, कोणी आले नाही.

हा लेख मी भाद्रपदात लिहिते आहे. तुमच्या हाती पडेल तेव्हा दिवाळी असेल, आणि आमच्या वर्गातले निम्मे बाक रिकामे होत आले असतील. यंदाचा 'इफ'चा आठवडा नुकताच झाला. मी मुलांना सांगितले, तिसऱ्या प्रकारचे एक वाक्य घरून लिहून आणा, पुस्तकातले नको, तुमचे स्वतःचे. बहुतेकांनी अभ्यास केला असता तर पास झालो असतो, हेच लिहिले. ते वाक्य बहुधा वर्गात एकाचे असते आणि बाकीचे ते उतरवून घेतात. एकाने मेलेल्या म्हशीवर लिहिले आहे, ते बरे आहे. तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीने लिहिले: 'इफ आबा टेक्स उचल, आय विल नॉट कम टू स्कूल आफ्टर दिवाळी.' 'उचल' या शब्दाला तिला इंग्रजी सापडले नव्हते. मलाही सापडत नाही.

मी लाल पेनाने त्यावर फुली मारली आणि समासात लिहिले, 'हा पहिला प्रकार झाला. तिसरा हवा.' पुढची वही ओढली, दोन ओळी तपासल्या आणि हात थांबला. तिची वही पुन्हा काढली. वाक्य अचूक होते, एकही चूक नव्हती. तिला पहिलाच प्रकार हवा होता. त्याला तिसऱ्यात ढकलायची घाई मला झाली होती. मी फुली खोडायचा प्रयत्न केला, पण लाल शाई खोडता येत नाही, म्हणून शेजारी बरोबरची खूण केली. आता ते पान फार विचित्र दिसते.

तिच्या वस्तीवर जाणारी एकच गाडी, रविवारी सकाळी सव्वासातला. संपादकांना हा लेख शनिवारी रात्रीच पाठवून देईन. पावसाळा सरत आला की मुकादम वस्त्यांवरून फिरू लागतात, म्हणून आजच शेजारच्या पोराकडून निरोप धाडला आहे. तिचे आबा घरी असले तर बोलणे होईल.